रिअर्डनचं जेवणाचं टेबल आणि तुझी पेटी

'ताई, नमस्कार. मी तुमच्यापेक्षा वयानं खूप लहान आहे, मला 'तू'च म्हणा. वय ३१. घर इचलकरंजीला, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. महिन्याला ६८ हजार हातात येतात. बाबा मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे कारागीर होते. दोन वर्षांपासून त्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. त्याचा आणि औषधांचा खर्च मी पाठवते, आईला घरखर्चालाही देते. दादा ३५ वर्षांचा. आधी मोबाइलचं दुकान काढलं, ते बसलं. मग टेम्पो घेतला. त्याचा साडेचौदा हजारांचा हप्ता दीड वर्ष माझ्या खात्यातून जातोय. आता त्याला जुने यंत्रमाग घ्यायचेत आणि आठ लाखांच्या कर्जाला मी जामीन राहावं असं म्हणतो. आई म्हणते, आपल्यात असा हिशेब करत नाहीत. माझं लग्न तीनदा ठरता ठरता राहिलं, दर वेळी घरातल्या कुठल्या तरी अडचणीपायी. लहानपणी मी पेटी शिकायचे. स्वतःची एक पेटी घ्यायची असं तीन वर्षं मनात आहे, तेही राहतंच.

दिवाळीत मैत्रिणीनं अमेरिकी लेखिका आयन रँडच्या 'अ‍ॅटलस श्रग्ड'चा मराठी अनुवाद दिला. त्यातल्या रिअर्डन या पोलाद कारखानदाराच्या घरचं ते जेवण वाचलं त्या रात्री मी झोपले नाही. ते आमचंच घर आहे. मग 'द फाउंटनहेड'ही वाचलं. आता मला बंगळुरूला बदली मिळतेय. वाटतं, कुणाला न सांगता निघून जावं, नंबर बदलावा, एक रुपयासुद्धा पाठवू नये, त्या पुस्तकातल्या सगळं सोडून नाहीशा होणाऱ्या जॉन गॉल्टसारखं. मग बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो आणि स्वतःचीच लाज वाटते. असं मनात आलं याचीही लाज वाटते आणि तसं करता येत नाही याचीही. ऑफिसातले एक जण म्हणाले, बाबांचं डायलिसिस सरकारी योजनेतून होईल. पण पुस्तक वाचल्यापासून तेही फुकटचं खाणं वाटतं. ताई, मी स्वार्थी होत चाललेय का? की आजवर मूर्ख होते? या बाईचं किती ऐकायचं?'

बाळ,

सगळ्यात आधी व्यवहाराचं सांगते, कारण ते थांबणार नाही. त्या आठ लाखांच्या कागदावर सही करू नकोस. जामीन राहणं म्हणजे नुसतं 'हा माझा भाऊ, भला माणूस आहे' असं सांगणं नव्हे. भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर बँक आधी त्याच्याकडे जाईल आणि मग तुझ्याकडे येईल असं काही नसतं, ती सरळ तुझ्या दारात येऊ शकते. एका टेम्पोचे हप्ते तू फेडते आहेसच. मागांचेही तूच फेडशील, हे तुलाही माहीत आहे आणि दादालाही.

आता रँडबद्दल. तू विचारलंस, या बाईचं किती ऐकायचं. मी विसाव्या वर्षी होस्टेलमध्ये 'द फाउंटनहेड' वाचलं. पाठ निखळलेली लायब्ररीची प्रत होती, पानं सुतळीनं बांधलेली. वाचून झाल्यावर वर्षभर मी वडिलांच्या अंतर्देशीय पत्रांना उत्तरं दिली नाहीत. त्यांच्या 'कशी आहेस'मध्ये मला हक्क गाजवणं दिसायला लागलं होतं. ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. त्या वर्षाचं मला आजही वाईट वाटतं. पण त्याच पुस्तकानं मला नको असलेल्या स्थळाला तोंडावर 'नाही' म्हणायचं बळ दिलं, हेही तितकंच खरं आहे. म्हणून या बाईला वेडी ठरवून बाजूला सारणाऱ्यांचंही मी ऐकत नाही आणि तिला देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांचंही.

ती हे सगळं कुठून बोलत होती ते आधी बघ. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्मलेली अलिसा रोझेनबाउम. वडिलांचं औषधांचं दुकान होतं. १९१७ च्या क्रांतीनंतर ते सरकारजमा झालं, तेव्हा ती बारा वर्षांची होती. स्वतःच्या कष्टानं उभं केलेलं दुकान 'सगळ्यांच्या भल्यासाठी' एका दिवसात परकं झालेलं त्या मुलीनं पाहिलं. पुढं क्रायमियातली वणवण, उपासमार, परत पेट्रोग्राड, विद्यापीठात इतिहासाचा अभ्यास, आणि १९२६ च्या सुरुवातीला एकटीनं अमेरिका. 'सगळ्यांसाठी' हा शब्द कानावर पडला की ती आयुष्यभर सावध व्हायची. का, ते या दुकानापाशी कळतं. तिच्या चारही कादंबऱ्या या एका जखमेभोवती फिरतात. पहिल्या 'वी द लिव्हिंग'मध्ये (१९३६) तर तिनं ते शहर आणि ती उपासमार जवळजवळ जशीच्या तशी उतरवली आहे.

तू ज्या जेवणापायी रात्रभर जागलीस, ते प्रकरण मी परवा पुन्हा काढून वाचलं. रिअर्डननं दहा वर्षं खपून नवा धातू तयार केलाय. पहिल्या ओतीच्या दिवशी तो त्या धातूची एक साखळी बायकोसाठी घेऊन घरी येतो. आई टोमणे मारते, बायको त्या साखळीची थट्टा करते. भाऊ फिलिप त्याच्या जिवावर राहतो आणि पैसा जमवण्यासारखं हलकं काम आपण करत नाही असं दाखवतो. तो एका संस्थेसाठी दहा हजार डॉलर मागतो. रिअर्डन देऊ करतो, कशासाठी, तर भावाला एकदा आनंद झालेला बघायला मिळावा म्हणून. फिलिपला आनंद होत नाही. उलट तो म्हणतो, रोख दे, तुझं नाव आमच्या यादीत दिसलं तर आम्हाला लाज वाटेल.

त्या घरात रिअर्डनचा घात पैसे देण्यानं होत नाही. आपण काही तरी गुन्हा केलाय आणि त्याची भरपाई करतोय, असं मानून तो देतो. गुन्हा कोणता, हे त्याला ठाऊक नाही. बाकीच्यांनी त्याला अपराधी ठरवलंय आणि त्यानं ते मान्य केलंय. रँड याला बळीची संमती म्हणते. सुरी दुसऱ्याच्या हातात असते, पण मान आपण स्वतः पुढं करतो. तू रात्रभर जागलीस ती मला वाटतं याच्यामुळं. ६८ हजारांतले किती जातात याच्यामुळं नव्हे.

आता तुझ्याच पत्राकडे बघ. तू बाबांचं डायलिसिस आणि दादाचा टेम्पो एकाच गाठोड्यात बांधलायस. आधी 'हे सगळं माझं कर्तव्य' म्हणून बांधलंस, आता 'हे सगळं माझं शोषण' म्हणून बांधते आहेस. गाठोडं तेच आहे. ते सोडव.

हे सोडवायला खुद्द रँडच उपयोगी पडते. 'द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस' या तिच्या १९६४ च्या लेखसंग्रहात संकटकाळातल्या नीतीवर एक लेख आहे. तिथं ती उदाहरण देते. बायकोवर जीव असलेला नवरा तिच्या गंभीर आजारावर होता नव्हता तो पैसा घालवतो. याला त्याग म्हणणं हास्यास्पद आहे, असं ती म्हणते. ती जगावी हे त्यालाच हवंय. तिच्या लेखी त्याग तेव्हा होतो, जेव्हा आपल्याला मोलाचं ते आपण कमी मोलाच्या, किंवा मोलच नसलेल्या गोष्टीसाठी देऊन टाकतो. तेव्हा स्वतःला विचार. बाबा दर आठवड्याला त्या खुर्चीतून उठून घरी यावेत, हे तुला हवंय का? तुझं पत्र सांगतं की हवंय. मग ते पैसे तू स्वतःच्याच इच्छेवर खर्च करते आहेस. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि 'बघा मी किती करते' असं मिरवण्यासारखंही नाही. टेम्पोच्या हप्त्याला हाच प्रश्न विचार. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे वळते झाल्याचा मेसेज आला की तुझ्या मनात काय येतं? दादाचं भलं व्हावं हे येतं, की आई काय म्हणेल ते? उत्तर तू तुझ्या पत्रातच देऊन ठेवलंयस.

'स्वार्थी' हा शब्द तू स्वतःला लावलास. रँडनं तो मुद्दाम उचलला आणि पुस्तकाच्या नावातच घातला. लोक ज्याला घाबरतात तेच नाव वापरायचं, असा तिचा बाणा होता. मला तो बाणा फारसा पटत नाही, त्यानं तिचे निम्मे वाचक गोंधळले. आपल्या भाषेत या कामासाठी दोन वेगळे शब्द आहेत. स्वतःचं हित ओळखून त्यासाठी झटणं हा स्वार्थ. दुसऱ्याच्या ताटातलं ओढून खाणारा तो आप्पलपोटा. रँडला आप्पलपोटेपणाचा मनस्वी तिटकारा होता, तिचे सगळे खलपुरुष तसलेच आहेत. तुझं पत्र तीनदा वाचलं, पण तू कुणाच्या ताटात हात घातल्याचं मला कुठं दिसलं नाही.

आईचं ते वाक्य मात्र मला सारखं आठवतंय. 'आपल्यात असा हिशेब करत नाहीत.' 'आपल्यात' हा शब्द मला फार प्रिय आहे. पंगतीला, मयताला, लग्नाला हाच शब्द माणसाला धरून ठेवतो. पण हप्ता 'आपल्यातून' जात नाही, तुझ्या खात्यातून जातो. रँडची 'अँथम' ही छोटी कादंबरी १९३८ मध्ये इंग्लंडात आली. एका बैठकीत वाचून होईल एवढीच आहे. तिच्यातल्या जगात 'मी' हा शब्दच उरलेला नाही. नायकाचं नाव 'समता ७-२५२१', आणि तो स्वतःबद्दलसुद्धा 'आम्ही' म्हणूनच बोलतो. पळून गेल्यावर एका जुन्या घरातल्या पुस्तकात त्याला 'मी' सापडतो. ती वाच. नायक शेवटी जगाकडे ज्या ताठ्यानं बघतो तो तुला रुचणार नाही कदाचित, मलाही रुचला नव्हता. पण भाषेतून एक शब्द काढून घेतला की माणसाला स्वतःची तक्रारसुद्धा मांडता येत नाही, हे तिनं फार नेमकं पकडलंय. 'आपल्यात हिशेब करत नाहीत' असं म्हटल्यावर तुला तरी पुढं काय बोलता आलं?

हाच धागा 'फाउंटनहेड'मध्ये आहे. त्यातला नायक, वास्तुविशारद रॉर्क, त्याच्या प्रेयसीला, डॉमिनिकला म्हणतो, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं म्हणायचं तर त्यातला 'मी' आधी म्हणता आला पाहिजे. इंग्रजीत ते वाक्य 'मी'नंच सुरू होतं, म्हणून त्याला तसं म्हणता येतं. मराठीत 'माझं' आहे, 'तुझ्यावर' आहे, 'मी' शोधावाच लागतो. बाबांवर तुझी माया आहे हे तुझ्या पत्रात दिसतं. ती करणारी तू कोण आहेस, तुला काय आवडतं, काय नको आहे, हे त्या घरात शेवटचं कुणी कधी विचारलं होतं?

तू रॉर्कबद्दल काही लिहिलं नाहीस, ते मला बरं वाटलं. पहिल्या वाचनात सगळे रॉर्कच्या प्रेमात पडतात. तुझ्या कामाचा माणूस पीटर कीटिंग आहे. त्याला चित्रकार व्हायचं होतं, आईच्या इच्छेखातर तो वास्तुविशारद झाला. आई त्याला कधी हुकूम सोडत नाही, 'तुझ्या मनाला येईल ते कर' म्हणते, पण मनात काय यायचं ते तीच ठरवते. कॅथरीन नावाच्या साध्या मुलीवर त्याचं खरं प्रेम आहे. ते लग्न पुढं ढकललं जातं आणि शेवटी होतच नाही. सगळं जग त्याला स्वार्थी, महत्त्वाकांक्षी म्हणतं. रँड म्हणते, बघा, या माणसाजवळ 'स्व' नावाचं काही उरलेलंच नाही, हाच खरा निःस्वार्थी! शेवटी शेवटी तो लपूनछपून चित्रं काढायला लागतो आणि एकदा सहा चित्रं रॉर्कपुढं मांडतो. रॉर्क हळू आवाजात सांगतो, फार उशीर झालाय, पीटर. तो गेल्यावर रॉर्कला कणव येते आणि त्या भावनेनंच तो हादरून जातो. सगळ्या कादंबरीत मला सर्वांत जास्त टोचलेलं पान हेच आहे.

तू ३१ ची आहेस. पेटीला उशीर झालेला नाही.

आणि 'अ‍ॅटलस'मधल्या मोटारींच्या कारखान्याची हकिकत तू घाईत ओलांडली असशील तर परत जा. एक भणंग माणूस ती नायिकेला, डॅग्नीला, आगगाडीत सांगतो. कारखान्यानं ठरवलं, प्रत्येकानं कुवतीप्रमाणं काम करायचं आणि गरजेप्रमाणं घ्यायचं. मग गरज कुणाची मोठी, हे सभेत मतं घेऊन ठरू लागलं. चांगलं काम करणाऱ्याला जास्त काम मिळायला लागलं, म्हणून लोक कुवत लपवायला आणि गरजा वाढवायला शिकले. एका म्हाताऱ्याला गाण्याच्या तबकड्यांचा एवढा एकच शौक होता. तो चैन ठरला. त्याच सभेत एका लहान मुलीच्या दातांना सोन्याच्या तारा मंजूर झाल्या. अर्थशास्त्र म्हणून ही हकिकत एकांगी आहे, पण कुटुंबाची गोष्ट म्हणून वाच. तुझ्या घरात दादाची अडचण ही गरज असते, आणि तुझी पेटी चैन. हे कुठल्या सभेत ठरलं?

आता मला तिच्याशी जिथं भांडायचंय तिथं येते.

जग सोडून आलेल्यांना गॉल्ट ज्या दरीत जमवतो, तिथं 'देणं' हा शब्द वर्ज्य आहे. मित्राची मोटार दिवसभर वापरायची तर पाव डॉलर मोजायचा. त्या दरीत अंथरुणाला खिळलेलं कुणी नाही, नव्वदीची आजी नाही, दोन मुलांची एक आई पानभर दिसते तेवढीच. डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्या दरीत जागा कुठं, हे पुस्तक सांगत नाही. 'फाउंटनहेड'मध्ये निदान हेन्री कॅमेरॉन आहे. रॉर्कचा गुरू, दारूनं आणि अपयशानं खचलेला म्हातारा. त्याच्या अखेरच्या दुखण्यात रॉर्क त्याच्या उशाशी असतो. कुणी त्याला कर्तव्याची आठवण करून देत नाही, तो आपणहून जातो. तुला बाबांबद्दल अपराधी वाटेल तेव्हा हे प्रकरण काढून वाच. चौदा वर्षांनी 'अ‍ॅटलस' लिहिताना तिनं असल्या माणसांना मागंच सोडलं, आणि माझ्या मते तिथं तिचं लेखन कोरडं झालं.

स्वतःच्या आयुष्याचा हिशेबही तिनं नीट मांडला नाही. 'अ‍ॅटलस'च्या शेवटी लेखिकेविषयीच्या टिपणात ती लिहिते, मला कुणी मदत केली नाही आणि ते कुणाचं कर्तव्य आहे असंही मला कधी वाटलं नाही. पण अमेरिकेत उतरल्यावर ती शिकागोच्या नातेवाइकांकडे कित्येक महिने राहिली होती, तिला तिकडं बोलावणारेही तेच. 'फाउंटनहेड' बारा प्रकाशकांनी परत केलं. तेराव्या ठिकाणी आर्चिबाल्ड ऑग्डन या तरुण संपादकानं वरिष्ठांना कळवलं, हे पुस्तक तुम्हाला नको असेल तर मीही तुमच्या कामाचा नाही. परक्या बाईच्या हस्तलिखितासाठी त्यानं नोकरी पणाला लावली, म्हणून १९४३ मध्ये ते पुस्तक निघालं. आणि नवरा, फ्रँक ओकॉनर. 'फाउंटनहेड'च्या १९६८ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तिनं स्वतःच लिहिलंय, एका रात्री ती इतकी निराश झाली होती की पुढं लिहिणं होईलसं वाटेना, तेव्हा तो तासन्‌तास तिच्याशी बोलत बसला. पुस्तक त्यानं वाचवलं म्हणून ते त्याला अर्पण केलं. याच फ्रँकला कॅलिफोर्नियातल्या मळ्यात फुलं पिकवायचं वेड होतं. १९५१ मध्ये तिला न्यू यॉर्क हवं झालं, आणि तो मळा सोडून तिच्या मागं गेला.

गॉल्टची शपथ तू पाठ केली असशील. पूर्वार्ध सगळ्यांना पाठ असतो, दुसऱ्या माणसासाठी मी जगणार नाही. उत्तरार्ध विसरतात, दुसऱ्या कुणी माझ्यासाठी जगावं असंही मी मागणार नाही. मला वाटतं, हा उत्तरार्ध खुद्द तिलाही पेलला नाही. म्हणून तिची पुस्तकं खोटी ठरत नाहीत. पण एकट्याच्या बळावर उभी राहिलेली माणसं बघून तुला स्वतःची लाज वाटत असेल, तर ती माणसं कागदावरची आहेत एवढं ध्यानात ठेव. लिहिणारीला उचलून धरणारे हात होते.

सरकारी योजनेबद्दलचा तुझा संकोच तर सोडूनच दे. १९६६ च्या एका लेखात रँडनं स्वतः म्हटलंय की ज्यांच्याकडून कर घेतला जातो आणि ज्यांना ही पद्धत मान्य नाही, त्यांनी सरकारी शिष्यवृत्ती घेतली तर ती आपल्याच पैशाची परतफेड आहे. १९७४ मध्ये तिच्या फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, आणि उतारवयात तिनं सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या निवृत्तिवेतनाचे पैसेही घेतले. तुझ्या बाबांनी चाळीस वर्षं काडेपेटीपासून सायकलीपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरला असेल. मी तर रँडच्याही पुढं जाऊन म्हणेन की आजाऱ्याला समाजानं मिळून सांभाळावं यात हिणकस काही नाही, पण तेवढं तू मान्य केलं नाहीस तरी तिच्याच तर्कानं तुझं काम होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. रेशनकार्ड, आधार आणि बाबांचे जुने रिपोर्ट घेऊन त्याला भेट. याच आठवड्यात जा.

राहिलं निघून जाणं. बंगळुरूची बदली तुला हवी असेल तर घे. पण न सांगता जाऊ नकोस. गॉल्टची माणसं एका रात्रीत नाहीशी होतात, कारण कादंबरीत त्यांना सगळं जग थांबवून दाखवायचंय. तुला जग थांबवायचं नाही. तुला एक हप्ता थांबवायचाय. नंबर बदललास तर दादाचा टेम्पो आणि बाबांची औषधं दोन्ही एकाच झटक्यात तुटतील, म्हणजे गाठोडं परत बांधलंस तसंच. रिअर्डनसुद्धा आधी टेबलावर, सगळ्यांच्या समोर, फिलिपला सुनावतो की इथून पुढं तू माझ्या दयेवर आहेस आणि ती दया संपलीय. तितकं कठोर बोलायची तुला गरज नाही, पण तोंडावर बोलायची आहे.

आपल्याकडे हे आगरकरांनी करून दाखवलंय. ते मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचलेले, व्यक्तीच्या बुद्धीला आणि स्वातंत्र्याला रँडइतकंच मानणारे. टेंभूच्या गरीब घरातला मुलगा शिकतो आहे, तेव्हा आईच्या मनात मोठ्या पगाराच्या नोकरीचं स्वप्न असणार. त्यांनी ते स्वप्न परस्पर मोडलं नाही. शिक्षण चालू असतानाच आईला पत्र लिहून कळवलं की पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकीचा वेळ मी लोकांच्या हितासाठी घालवणार आहे. रँडला त्यातलं 'लोकांचं हित' खटकलं असतं. मला भावतं ते त्यांचं आईला आधी कळवणं. नकार कडू असला तरी तो वेळेवर आणि सरळ मिळाला, तर समोरच्याला आपली तजवीज करायला अवधी मिळतो.

तर असं कर. टेम्पोच्या कर्जाचे कागद मागवून घे, आणि तू त्यात सहकर्जदार किंवा जामीनदार आहेस का ते बघ. असशील तर हप्ता अचानक बंद केल्यास तुझाच सिबिल स्कोअर खराब होईल, तेव्हा टेम्पो विकून कर्ज मिटवायचा विषय दादापुढं काढ. नाव नसेल तर त्याला तीन महिन्यांची मुदत दे, तारीख सांगून. बाबांचं किती आणि आईचं किती, हा आकडा तूच ठरव आणि तो दर महिन्याला न चुकता पाठव. आईशी आधी एकटीनं बोल. दादासमोर बोललीस तर ती त्याचीच बाजू घेईल, आयांना तसंच जमतं. ती रडेल, तेव्हा पुस्तकातली वाक्यं तिच्यावर फेकू नकोस. बाबांचं काहीही कमी होणार नाही, एवढं दोनदा सांग. मग त्याच दमात सांग की जामीन राहणार नाही. दादा चार महिने बोलणार नाही बहुतेक. तो ३५ वर्षांचा धडधाकट पुरुष आहे, आणि रागावण्याचा त्याला हक्क आहे.

पेटी मात्र हप्ता बंद व्हायची वाट बघत ठेवू नकोस. शिकायला घेतलेली चांगली जुनीही चालते, फक्त जाणत्याकडून भाता आणि सूर तपासून घे. बंगळुरूला न्यायची असेल तर प्रवासी पेटी बघ. कुठली घेतलीस ते मला कळव.

तुझी,
ताई